टीव्हीवरच्या जाहिरातींचा पिच्छा कसा सोडवायचा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

स्मार्ट टीव्हीवरच्या जाहिरातींविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरांतली मेनूची नावे मॉडेलप्रमाणे आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्तीप्रमाणे थोडीफार बदलतात. नेमके नाव सापडले नाही, तर ‘प्रायव्हसी’, ‘टर्म्स’ किंवा ‘ॲडव्हर्टायझिंग’ असा शब्द असलेल्या पानावर शोधा. बहुतेक वेळा ते तिथेच दडलेले असते.

प्रश्न : टीव्ही घेतला तेव्हा होम स्क्रीन स्वच्छ होती. एका अपडेटनंतर वर जाहिरातीची मोठी पट्टी आली. पूर्ण किंमत मोजलेल्या टीव्हीवर कंपनी नंतर जाहिराती कशा लावू शकते? आणि त्या घालवायच्या कशा?

उत्तर : टीव्ही पहिल्यांदा सुरू करताना आपण ज्या अटींना ‘मान्य’ म्हणतो, त्यांत सॉफ्टवेअर बदलण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवलेला असतो. हे कागदावरचे कारण. खरे कारण धंद्याचे आहे. टीव्हीच्या विक्रीत नफा फार कमी सुटतो. टीव्हीला जोडायची उपकरणे आणि टीव्हीची ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारी रोकू ही कंपनी उपकरणांचा आणि जाहिरात-सेवांचा हिशेब वेगवेगळा मांडते; अलीकडच्या वर्षांत उपकरणे तोट्यात आणि सगळी कमाई दुसऱ्या खात्यात, असे ते चित्र आहे. वॉलमार्टने डिसेंबर २०२४ मध्ये व्हिझिओ ही टीव्ही कंपनी सुमारे २.३ अब्ज डॉलरना घेतली, तीही प्रामुख्याने तिच्या जाहिरात व्यवसायासाठी. तेव्हा विकलेल्या टीव्हीचा पडदा हीच या कंपन्यांची पुढची कमाई, हे धरूनच चाला.

घालवण्याचा उपाय जाहिरात कुठून येते यावर ठरतो, म्हणून आधी उगम ओळखा. होम स्क्रीनवर, स्क्रीनसेव्हरवर किंवा टीव्ही सुरू होताना दिसणारी जाहिरात टीव्हीच्या कंपनीची, निदान तिच्या ऑपरेटिंग सिस्टिमची असते. ॲप उघडल्यावर, कार्यक्रमाआधी किंवा ‘पॉज’ केल्यावर येणारी जाहिरात त्या ॲपची. इंटरनेटवरच्या फुकट वाहिन्यांत मधेच येणारी जाहिरात बहुधा सर्व्हरवरच चित्रप्रवाहात शिवलेली असते. पहिल्या प्रकारावर घरबसल्या बरेच करता येते, दुसऱ्यावर थोडे, तिसऱ्यावर जवळजवळ काहीच नाही. ॲपच्या जाहिराती घालवण्यासाठी टीव्हीची सेटिंग उलथीपालथी करण्यात अनेकांची संध्याकाळ वाया जाते.

प्रश्न : टीव्हीच्याच सेटिंगमध्ये नेमके काय काय बंद करायचे? कंपनीवार सांगाल का?

उत्तर : सॅमसंगच्या नव्या मॉडेलांत होम दाबून डावीकडच्या मेनूत ‘प्रायव्हसी चॉइसेस’ उघडा. तिथे ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’ आणि ‘इंटरेस्ट-बेस्ड ॲडव्हर्टायझमेंट’ या दोन्हींवरची खूण काढा. जुन्या मॉडेलांत हेच ‘सपोर्ट’खाली ‘टर्म्स अँड पॉलिसीज’मध्ये मिळते. शिवाय ‘स्मार्ट फीचर्स’मधले ‘ऑटोरन स्मार्ट हब’ बंद करा. त्याने टीव्ही सुरू होताच होम स्क्रीन समोर येणे थांबते. नुसत्या एवढ्यानेही डोळ्यांना बरीच विश्रांती मिळते.

एलजीमध्ये ‘ऑल सेटिंग्ज’, ‘जनरल’, ‘सिस्टिम’, ‘ॲडिशनल सेटिंग्ज’ असे आत जा. ‘लाइव्ह प्लस’ (पडद्यावर काय चालले आहे ते ओळखणारी सोय) बंद करा, ‘लिमिट ॲड ट्रॅकिंग’ चालू करा. ‘होम सेटिंग्ज’मध्ये ‘होम प्रमोशन’ आणि ‘कंटेंट रेकमेंडेशन’ बंद करा. स्क्रीनसेव्हरवर जाहिरात येत असेल, तर तिचा पर्यायही याच भागात ‘स्क्रीन सेव्हर प्रमोशन’ नावाने असतो. त्यानंतर ‘सपोर्ट’मधल्या ‘यूजर ॲग्रीमेंट्स’मध्ये पाहण्याची माहिती, आवाजाची माहिती आणि आवडीनुसार जाहिराती यांना दिलेली संमती काढून घ्या. ‘टर्म्स ऑफ यूज’ची संमती मात्र ठेवा, ती काढली तर ॲप स्टोअर बंद पडते.

ॲमेझॉनच्या फायर टीव्हीवर ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘फीचर्ड कंटेंट’ उघडून ‘अलाऊ व्हिडिओ ऑटोप्ले’ आणि ‘अलाऊ ऑडिओ ऑटोप्ले’ ही दोन्ही बटणे बंद करा. जाहिरातीची पट्टी राहते, पण ती हलत नाही, बोलत नाही. शेजारच्या ‘प्रायव्हसी सेटिंग्ज’मध्ये ‘इंटरेस्ट-बेस्ड ॲड्स’ आणि ‘डिव्हाइस यूसेज डेटा’ बंद करा. रोकूमध्ये ‘प्रायव्हसी’खालच्या ‘स्मार्ट टीव्ही एक्सपीरियन्स’मध्ये जाऊन ‘यूज इन्फर्मेशन फ्रॉम टीव्ही इनपुट्स’वरची खूण काढा. ज्या सोनी टीव्हींत ‘सांबा इंटरॲक्टिव्ह टीव्ही’ ही पाहण्याची माहिती गोळा करणारी सेवा असते, तिथे ते मुख्य सेटिंगमधूनच बंद होते.

गूगल टीव्हीसाठी ‘अकाउंट्स अँड साइन-इन’मध्ये आपले खाते निवडून ‘ॲप्स ओन्ली मोड’ चालू करा. शिफारशींच्या रांगा जातात आणि आपली ॲप्स उरतात. वरची मोठी पट्टी मात्र जात नाही, आणि या पद्धतीत असिस्टंटचा आवाजी शोध व ‘वॉचलिस्ट’ही गमवावी लागते. आमच्या मते हा सौदा परवडतो.

एक गैरसमज दूर करू. ‘आवडीनुसार जाहिराती’ बंद केल्याने जाहिरातींची संख्या कमी होत नाही. त्या तुमच्याकडे बघून निवडल्या जात नाहीत, एवढाच फरक पडतो. फॅक्टरी रीसेट केल्यावर यातले सगळे पूर्ववत होते. मोठ्या अपडेटनंतर नव्या अटी समोर आल्या, तर ‘सर्व मान्य’ दाबू नका. प्रत्येक ओळ वेगळी वाचा, आणि मग हे पान पुन्हा एकदा तपासा.

प्रश्न : टीव्हीची ॲप्स आम्ही वापरतच नाही. सेट-टॉप बॉक्स आणि गेम कन्सोल एचडीएमआयने जोडले आहेत. तरीही टीव्हीला आम्ही काय बघतो ते कळते का?

उत्तर : टीव्ही इंटरनेटला जोडलेला असेल आणि ही सोय चालू असेल, तर कळू शकते. हिला ‘ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन’ म्हणतात, बोलताना नुसते ‘एसीआर’. पडद्यावरच्या चित्राचे किंवा आवाजाचे बारीक नमुने घेऊन टीव्ही त्यांचा एक छोटा ठसा बनवतो. तो ठसा सर्व्हरवर जातो आणि तिथल्या साठ्याशी ताडून कार्यक्रम ओळखला जातो. चित्र एचडीएमआयमधून आले की ॲपमधून, याने पॅनेलला फरक पडत नाही. सॅमसंग आणि एलजीच्या टीव्हींवर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात एचडीएमआयला जोडलेल्या उपकरणाच्या वेळीही असे ठसे जात असल्याचे दिसले. त्याच संशोधनात सेटिंगमधून संमती काढल्यावर ही वाहतूक थांबली, म्हणजे वर सांगितलेली बटणे दिखाऊ नाहीत.

व्हिझिओचे प्रकरण या बाबतीत नमुनेदार आहे. फेब्रुवारी २०१४ पासून १.१ कोटी टीव्हींमधून ही माहिती न विचारता गोळा केल्याचा आरोप तिच्यावर झाला, आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन व न्यू जर्सी राज्याशी २२ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. ज्या सेटिंगआडून हे चालत होते तिचे नाव होते ‘स्मार्ट इंटरॲक्टिव्हिटी’. त्यामुळे गोड नावाचे बटण दिसले की ते काय करते हे आधी वाचा.

प्रश्न : राउटरवर डीएनएस बदलून सगळ्या घराच्या जाहिराती जातात असे ऐकले. ते कसे करायचे? टीव्ही बिघडणार नाही ना?

उत्तर : टीव्ही बिघडत नाही, पण ‘सगळ्या’ हा शब्द मनातून काढून टाका. जाहिरात मागवण्याआधी टीव्हीला तिच्या सर्व्हरचा पत्ता विचारावा लागतो, तो डीएनएसकडे. जाहिरातींची नावे गाळणारा डीएनएस वापरला, की त्या नावांना खोटा पत्ता मिळतो आणि पट्टीची जागा रिकामी राहते. म्हणजे जाहिरात वेगळ्या नावाच्या सर्व्हरवरून येत असेल, तरच हा उपाय चालतो. होम स्क्रीनच्या जाहिराती, स्क्रीनसेव्हरच्या जाहिराती आणि एसीआरची वाहतूक यांना तो चांगला लागू पडतो.

सोपा मार्ग असा. टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस ‘मॅन्युअल’ करा आणि ॲडगार्ड या जाहिराती गाळणाऱ्या डीएनएसचा पत्ता ९४.१४०.१४.१४ भरा, अर्थात इंग्रजी अंकांत. दुसरी जागा असेल तर ९४.१४०.१५.१५. सॅमसंगमध्ये हे ‘नेटवर्क स्टेटस’मधल्या ‘आयपी सेटिंग्ज’खाली, एलजीत वायफायच्या प्रगत पर्यायांत ‘सेट ऑटोमॅटिकली’ची खूण काढल्यावर दिसते. अँड्रॉइड आणि गूगल टीव्हीवर एक अडचण आहे: नुसता डीएनएस बदलता येत नाही, आयपी ‘स्टॅटिक’ करावा लागतो. तेव्हा टीव्हीचा सध्याचा आयपी पत्ता आणि गेटवे आधी लिहून घ्या, तेच पुन्हा भरा, प्रीफिक्स लेंग्थ २४ ठेवा आणि शेवटी दोन्ही डीएनएस घाला. तोच आयपी राउटरमध्येही टीव्हीसाठी राखून ठेवा, नाहीतर पुढे राउटर तो फोनला देऊन बसेल आणि दोन्ही उपकरणे अधूनमधून नेट गमावतील.

जास्त ताबा हवा असेल तर पाय-होल, म्हणजे घरातल्याच संगणकावर चालवायचा, जाहिराती गाळणारा डीएनएस. रास्पबेरी पायसारखा लहान संगणक, ५१२ एमबी रॅम, ४ जीबी मोकळी जागा एवढे पुरते. तो वायफायवर ठेवू नका, तारेने राउटरला जोडा. त्याला कायमचा आयपी द्या आणि राउटरच्या डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या) सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून तोच पत्ता भरा. याचा खरा फायदा क्वेरी लॉग, म्हणजे डीएनएसकडे आलेल्या विचारणांची नोंद. टीव्ही रात्री बंद असताना कोणाकोणाला हाका मारतो हे त्यात ओळीने दिसते. अडवलेल्या नावाला टीव्ही पुन्हापुन्हा विचारत राहतो, त्यामुळे आकडे फुगलेले दिसतात. टक्केवारी बघून हुरळून जायचे कारण नाही.

तयार याद्यांत टीव्हीसाठी वेगळ्या याद्या असतात, पण आंधळेपणाने जास्तीत जास्त याद्या घालू नका. ‘सॅमसंगॲड्स’ नावाचा सर्व्हर अडवला तर बिघडत काही नाही. ‘सॅमसंगओटीएन’ अडवलात तर फर्मवेअरचे अपडेट थांबतात. एलजीचे ‘एलजीटीव्हीएसडीपी’ अडवले की ॲप स्टोअर उघडत नाही. काही टीव्ही नेट आहे की नाही हे स्वतःच्या सर्व्हरला विचारून ठरवतात. ते नाव अडले, तर वायफाय ठणठणीत असूनही ‘नेटवर्क नाही’ म्हणत बसतात. सगळ्यांत फसवी गडबड घड्याळाची: वेळ देणारा सर्व्हर अडला, टीव्हीची तारीख चुकली, की सुरक्षा प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि एकही ॲप उघडत नाही. असे झाले तर क्वेरी लॉगमध्ये फक्त टीव्हीचा आयपी निवडा, बंद पडलेले ॲप उघडून बघा आणि त्याच क्षणी लाल झालेली नावे एकेक करून मोकळी करा.

प्रश्न : पाय-होल बसवून दोन आठवडे झाले. फोनवरच्या जाहिराती गेल्या, टीव्हीवरच्या तशाच आहेत. कुठे चुकले?

उत्तर : आधी लॉग बघा, त्यात टीव्ही दिसतो का? दिसत नसेल तर शक्यता चार. सर्वांत नेहमीची म्हणजे राउटरमध्ये दुसरा डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा तत्सम पत्ता भरलेला असणे. दुसरा डीएनएस केवळ पहिला बंद पडल्यावरच वापरला जातो असे नाही, उपकरण मनाला येईल तो वापरते. ती जागा रिकामी ठेवा, किंवा तिथेही पाय-होलचाच पत्ता द्या.

दुसरी शक्यता आयपीव्ही-६, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत. राउटर या मार्गाने स्वतःचा वेगळा डीएनएस परस्पर वाटतो. तिथेही पाय-होलचा पत्ता द्या. ती सोय राउटरमध्ये नसेल तर आयपीव्ही-६ बंद करा.

तिसरी : टीव्हीने नवी सेटिंग उचललेलीच नाही. रिमोटने बंद केलेला टीव्ही फक्त झोपतो. प्लग काढा, एक मिनिट थांबा, मग लावा.

चौथी शक्यता जरा खट्याळ आहे. काही उपकरणांत डीएनएसचा पत्ता आतच कोरलेला असतो आणि ती राउटरचे ऐकत नाहीत. गूगलची क्रोमकास्ट याबद्दल प्रसिद्ध आहे. त्यासाठी राउटरच्या फायरवॉलमध्ये नियम लागतो: पाय-होल सोडून इतर कोणाकडूनही पोर्ट ५३ वर बाहेर जाणारी विचारणा पाय-होलकडे वळवायची, आणि पोर्ट ८५३ बंद करायचे. साध्या राउटरमध्ये हा पर्याय नसतो, ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली चालणाऱ्यांत असतो. डीएनएसची विचारणा पोर्ट ४४३ वरून, नेहमीच्या वेब वाहतुकीत मिसळून गेली, तर मात्र ती वळवता येत नाही.

आणि टीव्ही लॉगमध्ये दिसतो, नावेही अडतात, पण जाहिरात यूट्यूबवरच दिसते, असे असेल तर चूक तुमची नाही. यूट्यूबचा व्हिडिओ आणि त्याची जाहिरात एकाच नावाच्या सर्व्हरवरून येतात. ते नाव अडवले तर दोन्ही जातात.

प्रश्न : मग टीव्हीवर यूट्यूबसाठी काही मार्ग आहे का? फुकट वाहिन्यांचे काय?

उत्तर : सरळ मार्ग म्हणजे पैसे भरून जाहिरातमुक्त सदस्यत्व. अँड्रॉइड टीव्हीवर बाहेरून टाकता येणारे स्मार्टट्यूब हे ॲप पुष्कळ लोक वापरतात. ते यूट्यूबच्या अटींत बसत नाही, आणि प्ले स्टोअरच्या बाहेरचे असल्याने त्याची राखण आपली आपणच करायची असते. २०२५ च्या अखेरीस त्याच्या निर्मात्याची सही करण्याची डिजिटल किल्लीच दुसऱ्यांच्या हाती गेली आणि संशयास्पद कोड असलेली आवृत्ती लोकांपर्यंत गेली. वापरायचेच असेल तर नव्या किल्लीने सही केलेली आवृत्ती, तीही मूळ प्रकल्पाच्या पानावरूनच घ्या, आणि टीव्हीवर मुख्य गूगल खात्याऐवजी वेगळे खाते ठेवा. ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिक ४के सिलेक्टमध्ये अँड्रॉइडऐवजी व्हेगा ही प्रणाली आहे. तिच्यावर अशी बाहेरची ॲप्स टाकताच येत नाहीत.

फुकट वाहिन्यांत जाहिरात आणि कार्यक्रम यांचा एकच प्रवाह येतो, त्यामुळे गाळायला वेगळे काही उरत नाही. म्यूटचे बटण आहेच.

प्रश्न : टीव्हीचे नेटच तोडले तर? बाहेरचा बॉक्स लावून काम भागेल का?

उत्तर : भागते, आणि आम्हाला विचाराल तर हाच सर्वांत खात्रीचा इलाज. ठसा तयार झाला तरी पाठवायला वाट नाही, नवी जाहिरात आणायलाही नाही. फक्त ते नीट करा. वायफाय नुसते ‘डिस्कनेक्ट’ करू नका, ‘फर्गेट नेटवर्क’ करा. आधी उतरवलेल्या जाहिराती साठवणीत राहून दिसत राहतात, म्हणून त्यानंतर फॅक्टरी रीसेट करा आणि सुरुवातीच्या मांडणीत नेटवर्कचा टप्पा ‘स्किप’ करा. गूगल टीव्ही असेल तर त्याच वेळी ‘बेसिक टीव्ही’ हा पर्याय मिळतो, तो घ्या.

नंतर टीव्हीत सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय, चालू करा. सॅमसंग त्याला ‘ॲनिनेट प्लस’ म्हणते, एलजी ‘सिंपलिंक’, सोनी ‘ब्राव्हिया सिंक’. ते चालू असले की बॉक्सचे बटण दाबताच टीव्ही जागा होतो, योग्य इनपुटवर जातो आणि त्याची होम स्क्रीन वाटेत येत नाही. बॉक्सही पारखून घ्या, नाहीतर एका होम स्क्रीनच्या जाहिराती चुकवून दुसरीच्या गळ्यात पडाल. ॲपल टीव्ही ४के च्या होम स्क्रीनवर विकलेल्या जाहिराती नसतात. वरच्या भागात निवडलेल्या ॲपचे चित्र दिसते, म्हणून कंपनीचे स्वतःचे टीव्ही ॲप पहिल्या ओळीतून खाली सरकवले की तिच्या मालिकांची झलकही जाते. अँड्रॉइड टीव्हीच्या बॉक्सवर प्रोजेक्टिव्हीसारखा दुसरा लाँचर (होम स्क्रीन दाखवणारे ॲप) बसवता येतो. होम बटण दाबल्यावर तोच उघडावा यासाठी त्याला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी द्यावी लागते.

नेट तोडल्यावर टीव्हीतली ॲप्स, आवाजी शोध आणि फोनवरून चित्र पाठवणे बंद होते. अपडेट पेनड्राइव्हने करता येतात: पेनड्राइव्ह एफएटी-३२ मध्ये फॉरमॅट करा, मॉडेलची फाइल कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून उलगडा. सॅमसंगसाठी ती थेट मुळाशी ठेवायची, एलजीसाठी ‘एलजी_डीटीव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये, नाव अर्थातच इंग्रजी मोठ्या अक्षरांत. अपडेट चालू असताना वीज जाऊ देऊ नका. सगळे सुरळीत चालले असेल तर दर अपडेटमागे धावायची गरज नाही. चित्र किंवा आवाज अडखळत असेल, तेव्हाच करा.

एचडीएमआयच्या तारेतून टीव्ही गुपचूप बॉक्सचे नेट वापरेल अशी धास्ती काहींनी लिहिली आहे. एचडीएमआय १.४ मध्ये इथरनेटची तशी तरतूद आहे खरी, पण घरगुती उपकरणांत ती जवळपास कोणी वापरलीच नाही. ती काळजी सोडा.

प्रश्न : जाहिरात लागली की आवाज एकदम का वाढतो?

उत्तर : प्रसारणासाठी सरासरी आवाजाचे मापदंड आहेत, युरोपात उणे २३ आणि अमेरिकेत उणे २४ एकक. पण सरासरी तीच ठेवूनही जाहिरातीत शांत जागा ठेवतच नाहीत, त्यामुळे ती कानाला मोठी वाटते. अमेरिकेचा याविषयीचा कायदा डिसेंबर २०१२ पासून लागू झाला, तोही प्रसारण आणि केबलपुरता. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो व्हॉल्यूम’ किंवा ‘नाइट मोड’ चालू करा. साउंडबार असेल आणि टीव्ही त्याला आवाज मूळ रूपात पाठवत असेल, तर टीव्हीतल्या या बटणाचा उपयोग होत नाही. साउंडबारवरचाच नाइट मोड लावा, किंवा टीव्हीचा डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ करा, म्हणजे आवाज टीव्हीतच उलगडून मग साउंडबारला जातो.

प्रश्न : नवा टीव्ही घ्यायचा आहे. स्मार्ट नसलेला, जाहिराती नसलेला मोठा टीव्ही मिळतो का?

उत्तर : मोठ्या आकारात घरगुती वापरासाठी क्वचितच. त्याऐवजी दुकानांत, विमानतळांवर लावतात ते व्यावसायिक डिस्प्ले काही जण घरी आणतात. घेण्याआधी तपशील वाचा. पुष्कळांत ट्यूनर नसतो, स्टँड वेगळा घ्यावा लागतो, स्पीकर नसतात किंवा नावापुरते असतात, डॉल्बी व्हिजन सहसा नसते. घरगुती वापरात वॉरंटी लागू होते का, तेही विचारा. शिवाय त्यांतल्या अनेकांत आता स्मार्ट टीव्हीचीच ऑपरेटिंग सिस्टिम असते. पैसे चित्रासाठी मोजायचे असतील, तर चांगल्या पॅनेलचा नेहमीचा स्मार्ट टीव्ही घेऊन त्याला नेट न देणे बरे पडते. दुकानात एवढेच तपासा: नेटवर्क आणि खाते न जोडता सुरुवातीची मांडणी पूर्ण होते का, सुरू होताना शेवटच्या इनपुटवर येतो का, आणि इनपुट बदलायला रिमोटवर स्वतंत्र बटण आहे का. ते बटण नसेल, तर दरवेळी होम स्क्रीनवरूनच जावे लागेल.